एकीचं पोटात, एकीचं पाठीत

मनोरला एका लग्नात पंगतीतून उठले ती थेट दवाखान्यात पोचले. उजव्या बरगडीखाली कुणी पान्याने आवळत असावं तसं दुखत होतं. बोईसरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, त्यामुळे मला उपमाही तिथल्याच सुचतात. नर्सने विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" मी म्हटलं, "बारा लिहा."

सोनोग्राफीत पित्ताशयात एक खडा निघाला, वाटाण्याएवढा.

थोरली बहीण सातपाटीहून भेटायला आली. ती पालघरच्या बाजारात मासे विकते. रिपोर्ट उलटसुलट करून म्हणाली, "एवढ्याशा वाटाण्यासाठी एवढी बोंबाबोंब? लहानपणापासून तू अशीच गो. काटा टोचला तरी अख्खी आळी गोळा करायचीस."

"तुला झाला असता म्हणजे कळलं असतं."

"मला माझा खांदा हाय तेवढा पुरे."

खांद्याचं तिचं बरेच महिने चाललं होतं. उजव्या खांद्यामागे, पाठीत ठणका लागायचा. इतकी वर्षं माशांची पाटी उचलली, आता खांदा गेला, असं घरात सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. तेल, शेक, पट्टा, सगळं करून झालं होतं. होळीनंतर बाजारातली बसायची जागा जावेला द्यायची, हे तिने मला त्याच दिवशी सांगितलं. बोंबलाचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि उगाच पिशवीत काहीतरी शोधत बसली. बाजाराशिवाय ही बाई घरी काय करणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात पालघरच्या सर्जनकडे गेले, तेव्हा ती सोबत होती. प्रश्न मी लिहूनच नेले होते. पहिलाच भांडणाचा होता.

"आमच्या कारखान्यातल्या साहेबांच्या पित्ताशयात मूठभर खडे आहेत. दुसऱ्याच कशाची तरी तपासणी करताना सापडले. ते अजून खुशाल वडे खातात. माझा एकच, मग मलाच का?"

डॉक्टर हसले. "दुखणं खड्यांच्या संख्येवर नसतं, आकारावरही नसतं. खडा तळाशी पडून राहिला तर पत्ताही लागत नाही. पिशवीच्या तोंडाशी अडकला, की पित्त बाहेर ढकलायला पिशवी आवळते आणि कळ येते. तेलकट खाल्लं की ती जास्त आवळते. शिवाय कळ प्रत्येकाला पोटातच जाणवेल असं नाही. नसांच्या जोडणीमुळे काहींना ती उजव्या खांद्यामागे जाणवते."

माझा पुढचा प्रश्न राहिला, कारण बहीण खुर्ची ओढून पुढे आली.

"मंग माझ्या खांद्याची कळ पाटीनं नाय येत?"

"पाटी उचलताना दुखतं का?"

"उचलताना थोडंच. जेवून जरा पाठ टेकली का मग धरतं. रविवारी मटण असलं तर लयच. आमी म्हणायचो, दिवसभराचा भार आता बाहेर पडतोय."

डॉक्टरांनी तिलाच टेबलावर झोपवलं, पोट दाबून बघितलं आणि सोनोग्राफीला पाठवलं. तिची पिशवी खड्यांनी भरलेली निघाली.

"आता बोल," मी म्हटलं.

"माझे तुझ्यापेक्षा जास्त हायत," ती म्हणाली. आवाजात चक्क अभिमान होता.

डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की पित्ताशय काढल्यावर खांदा दुखायचा पुरता थांबेलच असं नाही. दोन दुखणी एकत्रही असू शकतात. तरी तिने माझ्याआधी नंबर लावला. मी डबे, औषधं आणि भेटायला येणाऱ्यांच्या वेळा बघितल्या. माझी शस्त्रक्रिया त्यानंतर झाली, आणि तेव्हा तिने मला आरडाओरडा करायची रीतसर परवानगी दिली.

जेवणानंतरचा ठणका गेला. वजन उचलायला डॉक्टरांनी हो म्हटल्यावर ती बाजारात गेली, मीही मागोमाग गेले. तोवर जाऊ त्या जागेवर ऐसपैस बसायला लागली होती. बहिणीने पापलेटांचा टब खाली ठेवला आणि खांदा चोळला.

"दुखतंय?" मी घाबरून विचारलं.

"उचलताना जरासं. हे पाटीचं हाय, याची मला सवय हाय." मग जावेकडे वळून म्हणाली, "सरक गो थोडी. शेजारी बसायचं तर बस, पण हा कोपरा माझा."