भरणं आणि भरवणं

आमचा जावई भिंतींना पुट्टी लावायचं काम करतो. कामावर त्याला सगळे लेव्हल म्हणतात, आता घरीही तेच नाव पडलंय. पत्र्याची रुंद पट्टी तो भिंतीवरून अशी फिरवतो की मागे रेघही उरत नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक पोचा होता. पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा ताट समोर आणि नजर त्या पोच्यावर. पुढच्या भेटीला सामान घेऊनच आला. माणूस कसा आहे हे सांगायला मला याहून बरं काही सुचत नाही.

माझी लेक शहरबस चालवते. बाळाची रजा संपली की सकाळची पाळी ती करणार, लेव्हल दुपारनंतरची कामं घेणार, असं दोघांनी ठरवलं होतं. दूध ती काढून ठेवणार होती. राहता राहिला घासांचा प्रश्न. मी त्यांच्याकडेच असतो, पण माझे हात थरथरतात. पोराला धरायला ठीक, चमच्याला नाही. म्हणजे भरवायचं लेव्हलनंच.

बाळाला सहा महिने पुरे झाले तेव्हा दवाखान्यात सांगितलं, आता नुसत्या दुधावर भागायचं नाही. त्याचं वजन बेताचंच. आम्ही त्याला पैलवान म्हणतो ते थट्टेनं. लेक कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, पुढच्या वजनापर्यंत हा तुझ्या हातून खायला लागला तर मी गाडीवर जाते, नाहीतर नोकरी सोडावी लागेल. आवाज अगदी साधा होता. ती किती धडपडून त्या स्टिअरिंगमागे बसली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

लेव्हलनं मनावर घेतलं. उकडलेला बटाटा आणि गाजर तो दुधात इतकं घोटायचा की शोधून गुठळी सापडू नये. पैलवानाला मांडीवर आडवा घ्यायचा, चमचा तोंडात घालून वरच्या हिरडीवर असा ओढायचा की चमचा लख्ख बाहेर यावा. पैलवान सगळं जिभेनं बाहेर ढकलायचा. हनुवटीवर आलेलं लेव्हल चमच्याच्या कडेनं गोळा करून पुन्हा आत लोटायचा. एकाच घासाचे तीन-तीन हात व्हायचे. पुढे पुढे तर चमचा दिसला की पोर तोंड फिरवून रडायला लागलं.

"अरे, भिंत आहे का ती?" लेक एकदा म्हणाली. तो हसला, पण कान लाल झाले.

शेवटी आम्ही पैलवानाला पुन्हा दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी लेव्हलला डब्यातला एक घास तिथेच द्यायला सांगितला. बघितलं, आणि विचारलं, "दादा, काम काय करता?"

"पुट्टीचं. भेगा भरायच्या, सारखं करायचं."

"तेच करताय. तुम्ही याला भरवत नाही, भरताय."

मग त्यांनी नीट समजावलं. पोराला ताठ बसवा. कालवलेलं एवढं पातळ नको, आणि त्यात मीठ-साखर नको. चमचा ओठांपर्यंत न्या आणि थांबा. तोंड त्याचं त्याला उघडू द्या, चमचा ओठांनी पुसून घेणं हेही त्याचंच काम. जीभ सुरुवातीला बाहेर ढकलणारच, त्याचा अर्थ नको असा नव्हे. तोंड फिरवलं की मात्र जेवण संपलं.

बाकी सगळं जमलं, थांबणं जमेना. थांबलं की माल सुकतो, एवढंच त्याच्या हाताला माहीत. हात आपोआप पुढे जायचा. मग त्यानंच तोड काढली. चमचा डाव्या हातात घेतला. डाव्या हाताला तो फटकारा येतच नव्हता. पैलवान खुर्चीत, दोन्ही बाजूंना उशा. चमचा ओठांसमोर. पोर चमच्याकडे बघायचं, मग बापाकडे. पहिला दिवस नुसता बघण्यातच गेला. नंतरचे दिवसही फारसे वेगळे नव्हते. मग एका सकाळी पैलवान आपण होऊन पुढे वाकला आणि त्यानं चमचा ओठांत धरला. निम्मं बाहेर आलं, निम्मं गिळलं. लेव्हल जागचा हललाही नाही.

वजनाच्या दिवशी काटा थोडासाच सरकला होता, पण सरकला होता. नर्सबाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा. घरी आल्यावर लेकीनं कपाटातून गणवेश काढला आणि इस्त्री तापत ठेवली.

ती कामावर गेली त्या पहिल्या सकाळी पैलवानाच्या भुवयांपर्यंत गाजर पोचलं होतं. मला राहवेना. रुमाल घेऊन हनुवटी पुसायला गेलो, तर लेव्हलनं माझा हात धरला.

"राहू द्या बाबा, खातोय तो," तो हळूच म्हणाला. "फिनिशिंग शेवटी."