तिनं नवऱ्याला ‘अरे’ म्हटलं

चौसाळ्यात दुपारी मी आणि धाकटी जाऊ शेंगा फोडत मोबाइलवर हिंदीत डब केलेली कोरियन मालिका बघायचो. एकदा त्यातली बायको नवऱ्याशी एकदम एकेरीत बोलली.

"लई माजली हाय," मी म्हणाले.

"माजली न्हाई, अक्का. मार खाऊन विटली," जाऊ म्हणाली.

दारात दीर उभा होता. त्यानं मोबाइल भिंतीवर आपटला आणि तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फुटून रक्त पातळावर सांडलं. त्यानं पुन्हा हात उगारला, तशी तिनं वरवंटा उचलला.

"अरे, मागं सर! आता मारलंस तर डोकं फोडीन तुझं."

तो थिजला. मी इतकी वर्षं तिच्या किंकाळ्या भिंतीपलीकडून नुसत्या ऐकल्या होत्या. त्या दिवशी मात्र तिचा हात धरून पोलीस ठाण्यात गेले.