आप्पांचा राहिलेला कुंदा

आप्पा शिंकायला इमारतीबाहेर जायचे. नाकाला रुमाल, चपला हातात, पावलं मांजराची. कारण प्रयोगशाळेत अणूएवढ्या टोकाची सुई धातूच्या पृष्ठभागावर न टेकता फिरत असे. मधल्या फटीतून उडी मारणारी वीज मोजून चित्र उमटे. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला तरी ते थरथरायचं. मग आप्पा हात वर करत आणि आम्ही विद्यार्थी श्वास रोखून बसत असू.

आप्पा सदलग्याच्या जैन शेतकरी घरातले, बेळगावात आमचे प्राध्यापक. सुईची समजूत ते कन्नडात काढत, आमची खरडपट्टी मराठीत.

त्यांना एकच गोष्ट बघायची होती. मँगनीजच्या पातळ थरात एका रांगेतल्या अणूंचं चुंबकत्व एकीकडे, शेजारच्या रांगेतलं बरोबर उलट. "लांबनं बघितलं तर चुंबकाचा पत्ता न्हाय. जवळ गेलं की कळतंय, शेजारी एकमेकाकडं पाठ करून बसल्यात." आमच्या सीमाभागात हे समजायला कुणाला वेळ लागला नाही.

सुईचं टोकही चुंबकी. जुळत्या रांगेवर वीज जास्त, उलट्या रांगेवर कमी. निवृत्तीच्या आठवड्यात एका दुपारी पडद्यावर पट्टे उमटले. उजळ, काळा, उजळ, काळा. मी धावत जाऊन खासबागेतून कुंदा, आमची बेळगावी खव्याची मिठाई, आणला. आप्पांनी डबा बाजूला सारला.

"आधी टोकाचं चुंबक उलटं करूया. खरं असंल तर उजळ रांग काळी हुईल."

"ऱ्हाऊ द्या की आप्पा. टोक बिघडलं तर हे पण जाईल."

"आणि हे नुसते थरातले चढउतार असले तर? कर रं उलटं."

केलं. पट्टे जसेच्या तसे राहिले. चढउतारच होते ते. तोवर दिवस मावळला होता, आणि मावळल्यावर आप्पा काही खात नसत. "तुम्ही खावा," म्हणाले आणि चपला हातात घेऊन गेले. मला तो कुंदा घशाखाली उतरेना, असं लिहिलं तर शोभेल; पण सगळा मीच संपवला.

आता ती सुई माझ्या ताब्यात आहे. मागच्या महिन्यात पट्टे आले. विद्यार्थी फोटो काढायला धावले. मी म्हणालो, आधी उलटं करा. उजळ रांगा काळ्या झाल्या. मी सदलग्याला फोन लावला. मागे मळ्यातला पंप चालू होता.

"आप्पा, पट्टे आलेत."

"उलटं केलतंस?"

"व्हय."

"मग?"

"फिरले."

पंप बंद झाला.

"ये मग," आप्पा म्हणाले. "कुंदा आण. दिवस मावळायच्या आत ये."