जमीन टणक होईपर्यंत

ऐंशीच्या दशकात मी सातपूरच्या एका सॉसच्या कारखान्यात केमिस्ट होते. बाटल्या भरायच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी होती. टोमॅटो आणि व्हिनेगर तिच्या सांध्यांत मुरायचे आणि कितीही घासा, आंबूस वास काही जायचा नाही. शेवटी बिनसांध्याची जमीन करायचे ठरले. मॅनेजरांना सिमेंटचा कोबा हवा होता, स्वस्त आणि ओळखीचा. पण कोब्यावर कित्येक दिवस पाणी धरावे लागते, आणि तोवर हॉल बंद. नवीनच आलेले इपॉक्सी, म्हणजे ओतून टणक होणारे रसायन, महाग होते, पण दिवाळीच्या सुट्टीत पक्के होईल, असे कंत्राटदार म्हणत होता.

बाटल्या धुणाऱ्या बायका सगळ्या टेंपररी होत्या; एक खाडा झाला की जागेवर दुसरी उभी. त्यांतली दिंडोरीकडची मावशी तर वर्षानुवर्षे तशीच. कायम व्हायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून तिला ब्रेक द्यायचे, म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचे, आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला ती अगदी काठावर आली होती, कायम व्हायला थोडेच दिवस उरले होते. हॉल बंद राहिला की मॅनेजरांना आयतेच निमित्त मिळणार. मला भयंकर संताप आला. आंबटाने कोबा खाल्ला जातो, असे सांगत मी इपॉक्सीसाठी भांडले. ते खरेही होते. मॅनेजरांच्या वरच्या मोठ्या साहेबांनी माझे ऐकले.

त्या वर्षी दिवाळी उशिरा आली आणि नाशिकची थंडी लवकर. सुट्टी संपत आली तरी जमीन बोटाला चिकटत होती. थंडीत हे उशिराच धरते, हे कंत्राटदाराने आता सांगितले. घाई कशाला, राहू दे बंद, असे म्हणून मॅनेजर मोकळे झाले.

मावशीने मला गाठले. "ताई, थंडीत द्राक्षाच्या बागंला शेकोटी करत्यात. मग हिला का नाय करायची?"

मलाही ते पटले. भाऊबीज सोडून बायका घरच्या शेगड्या घेऊन आल्या. कडेच्या ओट्यांवर कोळसे फुलवले, दारे ओढून घेतली आणि सगळ्या बाहेर बसून राहिल्या. उबेने जमीन टणक झाली खरी, पण कोळशातून निघालेल्या वायूने तिच्यावर विभूती फासल्यासारखा पांढरट थर धरला. असे होईल हे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

कारखाना उघडला त्या सकाळी बायका गरम पाणी घेऊन जमीन घासत होत्या. डाग पुसट झाले, गेले नाहीत. हे उखडून पुन्हा करावे लागेल, मॅनेजर म्हणाले. मावशीचा हात थांबला.

मी मोठ्या साहेबांकडे वळले. "डाग आहेत, साहेब. पण जमीन पक्की झालीय. काम आजच सुरू होऊ शकतं."

साहेब टाच आपटत हॉलभर फिरले आणि त्यांनी मशीन चालू करायला सांगितले.

मावशी कायम झाली. पुढे एकदा तिला ताप आला, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती घरी झोपून राहिली. बरी होऊन आली ती दारातच थबकली. तिच्या जागेवर दुसरे कुणी उभे नव्हते.