मावशीची पाठवणी

शकुन बोलता बोलता निघून जाते. म्हणजे बसलेली तिथंच असते, चहाचा कप हातात असतो, पण बाई घरात नसते. बाळापूरला माहेरी तिचे वडील ओमप्रकाश गुजरीत भाजी विकायचे. ते गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवायचे, "पोरीले वांगे मागू नोका बाप्पा, ते आता किल्ल्यावर गेली." आणि खरंच ती तिकडेच गेलेली असायची, मनानं. किल्ल्याच्या भिंतीवर ऊन खाणारे सरडे तिनं इतके पाहिले होते की शाळेत बाई रागवायला लागल्या की तीही मान वर-खाली, वर-खाली करायची. बाईंना वाटायचं, पोरीला पटतंय.

हीच शकुन पुढे अमरावतीला प्राणिशास्त्र शिकली आणि लग्न होऊन शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बगीच्यात आली. आता ती सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आणि बेडकांच्या जाती-कुळांवर पीएचडी करते. आठवड्याचे काही दिवस अमरावती, उरलेले बगीचा. नवरा ललित संत्र्याच्या व्यापारात, त्याचा पाय घरात ठरत नाही. म्हणून घरात बोलायला दोघीच: शकुन आणि सासू, पार्वताबाई.

पार्वताबाईंनी सुनेचा विषय लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकून घेतला आणि दुसऱ्या महिन्यात दुरुस्त केला.

"तुया पुस्तकात काय असन ते असन. माह्या हिशेबानं आयक. सरडा म्हनजे बिनकामाचा काका. दिवसभर मान हालवते, काडी उचलत नाई. पाल म्हनजे घरातली आत्या. सगळ्याइचं आयकते अन् चुकचुकते. घोरपड थोरली जाऊ, एकदा ठाव धरला का हालत नाई. अन् सापसुरळी, ते सापाची मावशी."

"आणि बेडूक, आई?"

"ते पावने. पावसाळाभर आरडाओरडा करतेत, खाऊनपिऊन गायब. वापस पत्ता नाई."

शकुन हसता हसता निघून गेली. कारण अमरावतीचे सर हेच तर शिकवत होते: कोण कुणाचं कोण. सर ते भिंगाखाली खवले पाहून ठरवायचे आणि आई स्वभावावरून, एवढाच फरक.

श्रावणातल्या दुपारी विहिरीजवळच्या संत्र्याखाली डोळा लागला की तिला एकच स्वप्न पडायचं. मोठा मांडव. लांबच लांब पंगती. एका पंगतीत बेडूक बसलेत, ओले, गुबगुबीत, जिलेबीकडे डोळे लावून. दुसरीत पाली, पत्रावळीला बोटं चिकटलेली. घोरपडी मांडी घालून ऐसपैस. साप आपला जिथं जागा मिळेल तिथं, वळून वळून. सगळे आपापल्या गोतात, सगळ्यांची पानं वाढलेली. आणि मांडवाच्या खांबाशी एकजण उभी, रिकामी पत्रावळ हातात घेऊन. तिला कुणी बस म्हणत नाही, कारण ती कुणाकडची हेच कुणाला ठाऊक नाही.

ती उभी राहणारी कोण, हे शकुनला पक्कं माहीत होतं. विहिरीच्या काठच्या काळ्या दगडावर रोज ऊन खायला येणारी सापसुरळी. तशा सापसुरळ्या बगीच्यात खूप. पण हिचे खवले वेगळे, त्यांच्यावरच्या रेघा वेगळ्या, आणि पावसाळ्यात गळ्याखाली पिकल्या संत्र्याच्या सालीचा रंग चढायचा तोही भलत्याच जागेपासून. गेल्या पावसाळ्यापासून शकुन तिला पाहत होती. कुठल्याच पुस्तकात ती बसत नव्हती. बहुतेक हिला अजून नावच नव्हतं. नाव द्यायचा मान शकुनचा होता. तिनं नाव मनात ठरवूनही ठेवलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं.

पण सर म्हणाले, "हे पहा शकुन, अं, भावना मी समजू शकतो. परंतु." सरांचं वाक्य 'परंतु'वर उभं राहून आळस देतं, मग पुढे चालतं. "परंतु नाव हे, अं, देहाला द्यायचं असतं. बाटलीत देह, देहाला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. देहच नसेल, तर मग नाव, अं, वाऱ्यावर. वनखात्याची परवानगी आलेली आहे. या सोमवारी घेऊन या. दिवाळीपर्यंत प्रबंधाचं हे प्रकरण पूर्ण करू."

घेऊन या म्हणजे काय, ते दोघांनाही समजत होतं. अमरावतीहून ती परत येणार नव्हती.

सोमवारी सकाळी दगड तापल्यावर शकुननं तिला अलगद पकडलं, पांढऱ्या कापडी पिशवीत घातलं आणि नाडी बांधली. अंगणात येते तर पार्वताबाई समोर.

"काय हाये वं पिशवीत?"

"विहिरीजवळची सापसुरळी. अमरावतीला नेते."

"मावशीले? कायले?"

"नाव द्यायचंय, आई. पण त्यासाठी तिला बाटलीत ठेवावं लागतं. कायमचं." मग उगाचच, काहीतरी बोलायचं म्हणून, "आणि मावशी नाही तो. गळा रंगलाय, म्हणजे नर आहे."

"नर असन तुया कॉलेजात. माह्या बगीच्यात मावशीच हाये." पार्वताबाई वळल्या. "थांब जराशी. अशीच रिकामी काढू नोको तिले."

त्या आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. पिशवीच्या गाठीला हळद-कुंकू लावलं. पिशवीच्या घडीत मूठभर तांदूळ ठेवले, वर एक हिरवं, अजून न भरलेलं संत्रं. खण नव्हता म्हणून संत्र्याचं पान ठेवलं. शकुनला हसू येत होतं. पिशवी हातात हळूच हलली आणि हसू विरलं.

ओटी भरून झाली. पार्वताबाईंनी तोंड उघडलं आणि अडकल्या.

"आता काय म्हनू मी इले?"

"कशाचं काय, आई?"

"मावशी घरून निघून राहिली. निघनारीले आपन ये म्हनतो. जाय म्हनत नाई कोनी. पन हे तं येनार नाई. मंग ये कशी म्हनू? लबाडी होते. अन् जाय म्हनाले जीभ उचलत नाई."

"काही म्हणू नका ना."

"मुक्यानं तं मुर्द्याले लावतेत वाटे," पार्वताबाई म्हणाल्या. "इचा तं जीव हाये आजून. तूच सांग. ये म्हनू का जाय म्हनू?"

शकुन निघून गेली. अंगणात उभी होती, पण मांडवात होती. खांबाशी ती उभीच होती, रिकामी पत्रावळ घेऊन. बसायला जागा तर मिळणार होती तिला. पण जेवणार कोण होतं?

वरुडच्या गाडीचा हॉर्न फाट्यावर वाजला. शकुन विहिरीकडे चालू लागली. काळ्या दगडावर तिनं नाडी सोडली. तांदूळ सांडले, संत्रं घरंगळलं. सापसुरळी तोंड बाहेर काढून क्षणभर थांबली. शेवटचं एकदा पाहावं म्हणून शकुननं बोट लावलं, आणि ती सळकन बिळात गेली. शेपटी तेवढी मागे टाकून. ती शेपटी दगडावर एकटीच नाचत राहिली.

"वं माय! हे काय टाकून गेली?"

"शेपटी. भ्याल्या की टाकतात. पुन्हा फुटते ती."

पार्वताबाईंनी शेपटीकडे पाहिलं, बिळाकडे पाहिलं. मग बिळाशी वाकून, नातेवाइकांची गाडी सुटताना म्हणतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "ये वं मावशी! ये!"

अमरावतीला सरांनी कुपी उजेडात धरली. स्पिरिटमध्ये शेपटी स्वस्थ पडली होती.

"आणि, अं, उरलेली?"

"येते म्हणाली, सर."

सरांनी कुपी खाली ठेवली. 'परंतु' आलं नाही. थेट म्हणाले, "यावरून गोत समजेल. कुणाची कोण ते सांगता येईल. नाव मात्र नाही देता येणार. प्रकरणात तुम्हाला 'नाव नाही' असंच लिहावं लागेल. उद्या दुसऱ्या कुणी दिलं, तर ते त्याचं. चालेल?"

चालणार नव्हतं खरं तर. मनातलं नाव घशाशी आलं होतं. ते तिनं गिळलं. "चालेल," ती म्हणाली.

दसऱ्याच्या सुमारास ती विभागात भिंगाशी बसलेली असताना घरून फोन आला.

"शकुन, आली वं!"

"कोण, आई?"

"मावशी! दगडावर बसली हाये. शेपटी बोटभर फुटली. पन रंग काही जमला नाई, जुन्या लुगड्याले नवं ठिगळ लावल्यावानी दिसून राहिली. मी म्हनलं, बस बाई, बस."

"मग?"

"मंग काय? बसली."

शकुननं भिंगाला लावलेला डोळा मिटला. समोरच्या मुलीनं दोनदा हाक मारली, पण बाई तिथं नव्हती.