शेपटीवरची निळी खूण

प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुण्याचं काम मी करते. कॅन्सरचं औषध महिनोन्‌महिने देऊन त्यांचं रक्त तपासतात. ओळखायला शेपटीवर निळ्या शाईची खूण असते. रक्त काढण्याआधी प्रयोग करणाऱ्या मॅडम ती शेपटी कोमट पाण्यात धरतात, म्हणजे शीर सापडते. "औषधाने लिव्हरला होणारा त्रास आधी यांच्या रक्तात दिसतो, मग माणसांत काय तपासायचं ते कळतं," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

काल धाकट्या बहिणीला, शकूला, केमोला नेलं. शीर सापडेना, म्हणून सिस्टरने तिच्या हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. मला ती शेपटीच आठवली. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर ताण येतोय. आज डोस कमी करू, नाहीतर झेपणार नाही."

शकू म्हणाली, "मला काही दुखत नाही आणि यांना आधीच कसं गं कळतं?"

"तुझ्याआधी कुणीतरी सोसलंय."

"कोण गं ती बिचारी?"

मी तिच्या हातावरची पिशवी नीट केली.

आज धुतलेल्या पिंजऱ्यांत रोजच्यापेक्षा मूठभर भुसा जास्त घातला. एकाने लगेच त्यात खळगा केला आणि निळी शेपटी अंगाशी घेऊन तो झोपला. बाकीचे पिंजरे मी आवाज न करता धुतले.