तिनं धरलेलं पाणी

आमच्या शारजाच्या घराच्या अंगणात एक निळं पिंप आहे. प्लास्टिकचं, माझ्या छातीला लागेल एवढं. बायकोनं ते रोल्ला बाजारातल्या एका भंगारवाल्याकडून आणलं, तेव्हा त्याला ऑलिव्हच्या लोणच्याचा वास येत होता. टॅक्सीवाले घेईनात, म्हणून तिनं पिकअप ठरवली आणि ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसून आली. मी दारात कपाळाला हात लावून उभा. म्हटलं, "अगं, वर्षातून चार वेळा पाऊस पडतो इथे. पिंप कसलं आणतेस?"

"चारच वेळा पडतो ना? मग तो तरी नीट धरूया," ती म्हणाली. "बघत काय उभा आहेस? धर एका बाजूनं."

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते घरात पाणी शिरल्यावर. त्या वर्षी असा पाऊस झाला की गल्लीचं तळं झालं आणि अंगणातलं सगळं पाणी हॉलमध्ये आलं. मालकानं अंगणभर फरशा बसवलेल्या, उतार बरोबर आमच्या दाराकडे. छपराच्या नळीतून धो धो पडणाऱ्या पाण्यानं जायचं तरी कुठे? सोफा गेला, गाद्या गेल्या, मुलीची पुस्तकं फुगून बसली. मी वायपरनं पाणी ढकलत आख्ख्या गल्लीला शिव्या घालत होतो. बायको चिपळूणची. शिव्या देऊन पाणी मागे फिरत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ती त्या नळीखाली उभी राहिली, आणि मग तिनं मालकाला फोन लावला. थोड्या फरशा काढू का? म्हातारा अरब भला माणूस. "माफी मुश्किल," म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. जाताना परत लावून द्या, खलास.

नळीखाली पिंप आलं आणि दारापासून लांब, अंगणाच्या कोपऱ्यात फरशा उखडून खड्डा झाला. इंग्रजीत त्याला रेन गार्डन म्हणतात म्हणे. ती सरळ आळं म्हणायची. नारळाला करतात तसंच, फक्त दोन माणसं झोपतील एवढं. खाली खडी, वर रेती आणि खत. बादलीभर पाणी ओतायचं आणि ते जिरेपर्यंत मांडी घालून बघत बसायचं, हा तिचा बरेच दिवस उद्योग होता. जिरलं नाही की आणखी खणायचं. मग कर्दळी लावल्या, गवती चहा लावला, कडेला कढीपत्ता. पिंप भरून वाहिलं की जादा पाणी एका पाइपातून आळ्यात जायचं.

आणि एक नियम होता. पावसाचा अलर्ट आला की आधी पिंप रिकामं करायचं. पहिला जोर पिंपानं घ्यायचा, उरलेला आळ्यानं. पिंप आधीच भरलेलं असेल तर सगळं ओझं आळ्यावर पडतं, आणि ते फुटून पाणी दाराकडे येतं. मी म्हणायचो, "एवढं जमवलेलं ओतून द्यायचं?" ती हसायची. "अरे, लोणचं आहे का ते? नवीन यायला जागा नको?"

गेल्या हिवाळ्यात शेवटचा पाऊस झाला तेव्हा तिचं आजारपण सुरू झालं होतं. डोक्याला स्कार्फ, अंगात माझं जॅकेट, तशी ती बाहेर गेली आणि निसटलेला पाइप बसवून आली. मी ओरडलो. तिनं लक्ष दिलं नाही. पिंप काठोकाठ भरलं, तिनं वरून झाकण दाबलं आणि त्यावर दोनदा थापटलं. उन्हाळा लागायच्या आत ती गेली.

अस्थी तिच्या भावानं वाशिष्ठीत सोडल्या. साड्या तिची बहीण घेऊन गेली, मीच घेऊन जा म्हटलं. इथे काय उरलं? तिच्या हाताचे मसाले होते, ते संपत आले. आणि हे पिंपभर पाणी. मला त्या पाण्याला हात लाववेना. लोक देवघरात गंगाजल ठेवतात, मी छपरावरचं पाणी ठेवलं होतं. वेडेपणा आहे, कळत होतं मला. पण तिनं स्वतःच्या हातानं धरलेलं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

जूनमध्ये कर्दळी करपायला लागल्या. मी एसीच्या नळीखाली बादली ठेवून ते पाणी आळ्यात नेऊन घालायचो. मुलगी अकरावीला, ऊद मेथा भागातल्या शाळेत. संध्याकाळी बसमधून उतरली की मला बादली वाहताना बघायची.

"बाबा, देअर्स अ फुल बॅरल राइट देअर."

"असू दे."

"इट्स जस्ट वॉटर, बाबा."

त्या दिवशी मी तिच्यावर इतका ओरडलो की शेजारच्या मल्याळी बाई दारात आल्या. मुलगी आत निघून गेली. त्यानंतर पिंपाचा विषय आमच्यात निघाला नाही. इतरही फारसे निघाले नाहीत म्हणा. "जेवलीस?" "येस." "अभ्यास?" "डन." एवढंच.

मग थंडी आली आणि एका दुपारी दोघांचे फोन एकदम किंचाळले. मोठा पाऊस येणार, घराबाहेर पडू नका. शाळा ऑनलाइन, ऑफिस घरून. मी लगबगीनं दाराला जुने टॉवेल लावले, रेतीच्या पिशव्या लावल्या. मुलगी अंगणात पिंपाजवळ जाऊन उभी राहिली.

"व्हॉट वॉज आईज रूल?"

मी पिशव्या लावत राहिलो. म्हटलं, "या वेळी नको. आळं घेईल तेवढं घेईल."

"इट वोंट. यू नो इट वोंट."

"मग येऊ दे घरात! आणू नवा सोफा!"

"आय मिस हर टू," ती म्हणाली. आणि मग, एरवी माझ्याशी चुकूनही मराठीत न बोलणारी ही पोरगी म्हणाली, "पण मी पण राहते ना इथे, बाबा."

मी तिथेच पायरीवर बसलो. इतक्या महिन्यांत मी पिंपाकडे जितक्या वेळा बघितलं होतं तितक्या वेळा पोरीकडे बघितलं नव्हतं. ती वाळली होती. अंगात तिच्या आईचा कुर्ता होता, आणि तो तिला खांद्यात सैल होत होता.

पिंपाचा नळ घट्ट बसला होता. पान्हा आणून दोघांनी जोर लावला तेव्हा फिरला. पाणी हिरवट झालं होतं, त्याला वास येत होता. मुलीनं आतून एक रिकामी बाटली आणली आणि माझ्यापुढे धरली. मी नको म्हणून मान हलवली. बायको असती तर म्हणाली असती, आता फ्रिजमध्ये ठेवतोस की काय? नळाला लावलेल्या नळीवाटे ते सगळं आळ्यात गेलं, कर्दळींच्या बुडाशी फिरलं आणि हळूहळू जिरलं. मी बघत बसलो. मला हुंदका आवरेना आणि मी तो आवरलाही नाही. नळ तळापासून वीतभर वर आहे, त्यामुळे शेवटचं पाणी पिंप वाकडं करूनच काढावं लागतं. एका बाजूनं मुलीनं धरलं.

पाऊस तिन्हीसांजेच्या आत आला. तसाच, त्या वर्षीसारखा. छपराच्या नळीतून धार सुटली, पिंप दणदण वाजत भरलं, पाइप आळ्यात वाहायला लागला. आळं भरलं, कर्दळी गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी काठाला टेकलं. मी दारात वायपर घेऊन उभा होतो. काठावरून एक ओघळ सुटला, पायरीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पाऊस ओसरला. मी वाकून उंबऱ्यावर हात फिरवला. कोरडा.

"अगं, बघ!" मी सवयीनं आत वळून ओरडलो. "उंबरा कोरडा आहे! टिपूस आला नाही आत!"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मुलगी ओले हात घेऊन दारात आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"हो, बाबा," ती म्हणाली.